२१२ पानांचा आराखडा कोण वाचणार?

पत्र:

मी पुण्यातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइनचे काम करते. ग्रामीण भागातील एका सहकारी पतसंस्थेसाठी आम्ही नवी प्रणाली तयार करत आहोत. सभासद, ठेवी, पिग्मी वसुली, कर्ज, व्याज आकारणी आणि दिवसअखेर (दिवसभराचे व्यवहार बंद करणे) हे तिचे मुख्य भाग आहेत. चार महिने खपून मी डिझाइनचे २१२ पानांचे डॉक्युमेंट लिहिले. ते वाचून प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, की यावरून कामाची वाटणी कशी करायची ते कळत नाही. टेस्टर म्हणाली, की एका रकमेची मर्यादा शोधायला तिला सत्तर पाने चाळावी लागली. देखभालीसाठी नुकताच रुजू झालेला मुलगा ते उघडतच नाही, थेट कोड वाचतो. संस्थेच्या सचिवांनी तर न वाचताच सही केली. आता वरिष्ठ सांगतात, की याची चार वेगळी डॉक्युमेंटे कर आणि ज्याचे त्याला दे. माझ्या हाती तीन आठवडे आहेत. चार डॉक्युमेंटे करू का? करायची तर कशी विभागू? आणि माझी चार महिन्यांची मेहनत वाया गेली का?

— एक वाचक, पुणे

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला सर्वांत जास्त टोचत असावा. मेहनत वाया गेलेली नाही. तुमच्या चारही वाचकांपैकी एकानेही आतला मजकूर चुकीचा आहे असे म्हटलेले नाही. हवे ते सापडत नाही, एवढीच त्यांची तक्रार आहे, आणि चुकीचा मजकूर दुरुस्त करण्यापेक्षा न सापडणारा मजकूर जागेवर लावणे पुष्कळ सोपे असते. तुम्ही आराखडा ज्या क्रमाने विचार केला त्याच क्रमाने लिहिला असणार: आधी सभासद नोंदणी, मग तिचे स्क्रीन, मग तिचे डेटाबेसमधले टेबल, तेवढ्यात आठवलेली एखादी अट, त्यानंतर ठेवी. लिहिणाऱ्याला हा क्रम स्वाभाविक वाटतो. वाचणारा मात्र पहिल्या पानापासून दोनशे बाराव्या पानापर्यंत वाचायला आलेलाच नसतो. तो एखादा प्रश्न मनात घेऊन येतो आणि उत्तर मिळाले की निघून जातो.

म्हणून त्या तक्रारी आधी प्रश्नांच्या रूपात मांडून पाहा. मॅनेजरांचा प्रश्न असा आहे, की प्रणालीचे तुकडे किती, प्रत्येक तुकडा कशासाठी आहे आणि तो कोणाच्या हाती द्यायचा. टेस्टरचा प्रश्न असा, की या तुकड्याला बाहेरून काय दिले तर तो काय परत करतो आणि काय दिले तर नकार देतो. देखभाल करणाऱ्या मुलाला हवे आहे ते हे, की इथे हात लावला तर आणखी कुठे धक्का बसेल. प्रत्यक्ष कोड लिहिणाऱ्याचा, म्हणजे ज्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही त्या प्रोग्रामरचा प्रश्न असतो, की आतले काम नेमके कोणत्या रीतीने करायचे. सचिवांचा प्रश्न या चारांहून वेगळा आहे, त्याच्याकडे मी नंतर येते.

आता वरिष्ठांच्या सूचनेविषयी. तिचा हेतू बरोबर आहे, पण चार स्वतंत्र डॉक्युमेंटे कृपया लिहू नका. मी नोकरीला लागले तेव्हा एका प्रकल्पात आम्ही हेच केले होते. टेस्टरसाठी एक, प्रोग्रामरसाठी एक, मॅनेजरसाठी एक, असे वेगवेगळे ग्रंथ तयार झाले. पहिल्या महिन्यात सगळे खूश होते. पुढे ग्राहकाने व्याजाची रक्कम पूर्ण रुपयात कधी करायची याचा नियम बदलला. तो बदल प्रोग्रामरच्या प्रतीत उतरला आणि टेस्टरच्या प्रतीत राहून गेला. टेस्टर प्रामाणिकपणे जुन्या नियमाने चुका नोंदवत होती, प्रोग्रामर तितक्याच प्रामाणिकपणे त्या फेटाळत होता, आणि दोघांच्याही हातात मंजूर झालेला कागद होता. पाच दिवस या वादात गेले. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली, की आज ना उद्या त्या दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी होतात. यातून सुटलेला प्रकल्प मी अजून पाहिलेला नाही.

मग एकाच माहितीकडे चौघांना आपापल्या बाजूने कसे पाहता येईल? याचे उत्तर आपल्याकडे गावोगावच्या तलाठी कार्यालयात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. जमिनीची नोंद ठेवण्यासाठी गाव नमुने आहेत, एक ते एकवीस क्रमांकांचे. त्यातला सातबारा आपण सगळे ओळखतो: नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. सातबारा गट क्रमांकाने उघडतो. ‘या जमिनीवर हक्क कोणाचा आणि तिच्यात पीक काय?’ असे विचारणाऱ्यासाठी तो आहे. पण ज्याला ‘या माणसाच्या नावावर गावात एकूण किती जमीन?’ हे हवे असते, त्याला सातबारे एकेक करून चाळायला लावत नाहीत. त्याच्यासाठी नमुना आठ-अ, म्हणजे खातेउतारा आहे, आणि तो खातेदाराच्या नावाने उघडतो. जमीन तीच, मालक तोच, क्षेत्र तेच. फक्त विचारणारा बदलला म्हणून मांडणी बदलली. आणि हक्कात बदल झाला, तर कोणी सातबाऱ्यावर परस्पर खाडाखोड करत नाही. बदल आधी नमुना सहामध्ये, फेरफार नोंदवहीत येतो, तो प्रमाणित झाल्यावर बाकीच्या नमुन्यांत उतरतो. वडिलांच्या निधनानंतर ज्या घरात वारसाची नोंद सातबाऱ्यावर आली आणि आठ-अ वर यायची राहिली, त्या घराला ही शिस्त कशासाठी असते हे वेगळे सांगावे लागत नाही.

सॉफ्टवेअरच्या आराखड्यातही हीच मांडणी कामाला येते, आणि ती तुम्हाला नव्याने शोधायची गरज नाही. आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सॉफ्टवेअरच्या डिझाइनचे वर्णन कसे लिहावे याविषयी १०१६ क्रमांकाचे मानक १९८७ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९९८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. पुढे २००९ मध्ये ते पुष्कळ बदलले, पण तुमच्या आकाराच्या कामासाठी मला आजही ती जुनी, साधी रचना अधिक उपयोगी वाटते. तिचा गाभा दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे, प्रणालीतील प्रत्येक घटकाविषयी दहा गोष्टी नोंदवायच्या: त्याची ओळख, प्रकार, प्रयोजन, कार्य, उपघटक, तो कोणावर अवलंबून आहे, त्याचा इंटरफेस (म्हणजे तो बाहेरून काय घेतो आणि काय परत देतो), त्याला लागणारी साधने, आतली प्रक्रिया आणि आतला डेटा. दुसरी म्हणजे, या दहा रकान्यांतून निवडक रकाने उचलून चार व्ह्यू तयार करायचे. व्ह्यू म्हणजे एका विशिष्ट वाचकाच्या प्रश्नापुरता दिसणारा आराखडा. विभागणीच्या व्ह्यूमध्ये ओळख, प्रकार, प्रयोजन, कार्य आणि उपघटक येतात. अवलंबित्वाच्या व्ह्यूमध्ये ओळख, प्रकार, प्रयोजन, अवलंबित्व आणि साधने येतात. इंटरफेसच्या व्ह्यूमध्ये ओळख, कार्य आणि इंटरफेस एवढेच असते. तपशिलाच्या व्ह्यूमध्ये ओळख, प्रक्रिया आणि डेटा असतो. ‘ओळख’ चारही ठिकाणी आहे याकडे लक्ष द्या. गट क्रमांकाचे काम तीच करते. एका व्ह्यूमधून दुसऱ्यात जाण्याची वाट तिच्यावरूनच जाते. म्हणून घटकाला एकदा जे नाव दिले तेच सगळीकडे, अक्षरशः तेच, वापरा. एका पानावर ‘व्याज आकारणी’, दुसऱ्यावर ‘व्याजगणना’ आणि आकृतीत ‘इंटरेस्ट मॉड्यूल’ असे असेल, तर वाचणाऱ्याला हे तीन वेगळे घटक वाटतात आणि त्याचे तसे वाटणे अगदी रास्त असते.

हे नुसते वाचून पटणार नाही, म्हणून तुमच्याच प्रणालीतला व्याज आकारणीचा घटक घेऊन पाहू. माझ्या अंदाजाने त्याविषयीचा मजकूर तुमच्या डॉक्युमेंटात कर्जाच्या प्रकरणात थोडा, दिवसअखेरच्या प्रकरणात थोडा आणि अहवालांच्या प्रकरणात थोडा, असा विखुरलेला असेल. तो सगळा एका जागी, दहा रकान्यांत आणा.

मॅनेजरांना त्यातले काय हवे? व्याज आकारणी हा एक स्वतंत्र घटक आहे. कर्जखात्यावर दिलेल्या कालावधीचे व्याज आणि दंडव्याज काढणे हे त्याचे कार्य. त्याखाली दिवस मोजणी, दर निवड आणि दंडव्याज असे तीन उपघटक आहेत. आणि तो का वेगळा काढला, तर संस्था व्याजदर वेळोवेळी बदलते व तो बदल बाकीच्या प्रणालीला लागू नये म्हणून. इतके चार ओळींत मावते. असे पंधरा-वीस घटक म्हणजे तीन पाने झाली, आणि या तीन पानांवरून त्यांना कोणते काम कोणाला द्यायचे, कुठल्या कामाला किती दिवस लागतील आणि ग्राहकाची कोणती मागणी कोणता घटक पूर्ण करतो, हे ठरवता येते. यात एकाही टेबलाचे नाव येऊ देऊ नका. मोह होतो, पण आवरा.

टेस्टरचा भाग मात्र भरघोस लिहा, कारण सर्वांत जास्त पैसा आणि मनस्ताप इथेच वाचतो. मूळ मानकात इंटरफेसच्या व्ह्यूला डिझाइन करणारा, प्रोग्रामर, ग्राहक आणि टेस्टर यांच्यातील बांधील कराराचे स्थान दिले आहे, आणि ते शब्दशः घ्यावे असे माझे मत आहे. करारात ‘योग्य ती रक्कम परत करतो’ असे वाक्य चालत नाही. तिथे असे लिहावे लागते: हा घटक कर्जखाते क्रमांक, पासूनची तारीख आणि पर्यंतची तारीख घेतो; पासूनचा दिवस मोजतो, पर्यंतचा दिवस मोजत नाही; दोन्ही तारखा एकच असतील तर शून्य परत करतो; पर्यंतची तारीख आधीची असेल तर हिशेब न करता चूक कळवतो; खाते बंद असेल तर चूक कळवतो; व्याज आणि दंडव्याज या दोन वेगळ्या रकमा परत करतो, त्यांची बेरीज नाही.

आणि मग रक्कम पूर्ण रुपयात आणण्याचा प्रश्न. एक उदाहरण करून पाहा. पन्नास हजार रुपये कर्ज, दर साल दर शेकडा १२ टक्के, ३० दिवस. वर्ष ३६५ दिवसांचे धरले तर व्याज ४९३ रुपये १५ पैसे येते, पूर्ण रुपयात ४९३. लीप वर्ष म्हणून ३६६ ने भागले तर ४९१ रुपये ८० पैसे, म्हणजे पूर्ण रुपयात ४९२. रोजचे व्याज आधी दोन दशांश स्थळांपर्यंत आणले तर ते १६ रुपये ४४ पैसे होते आणि तीस दिवसांचे ४९३ रुपये २० पैसे भरते. रोजचे व्याजच पूर्ण रुपयात केले तर तीस दिवसांचे अवघे ४८० रुपये होतात. चारही हिशेब करणारा माणूस आपल्या परीने बरोबर आहे. यातला कोणता संस्थेला मान्य आहे, ते इंटरफेसच्या व्ह्यूमध्ये एका वाक्यात लिहिलेले आणि शेजारी हेच उदाहरण सोडवून दाखवलेले हवे. तुमच्या टेस्टरला सत्तर पाने चाळावी लागली, ती बहुधा अशाच एखाद्या वाक्यासाठी. सभासद पासबुक घेऊन काउंटरवर येतो आणि एका रुपयाचा फरक का पडला असे विचारतो, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याला उत्तर देता यावे, इतक्या गांभीर्याने हे वाक्य लिहा.

प्रोग्रामरसाठीचा तपशील याहून वेगळा आहे. रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून साठवायच्या, कारण दशांश अपूर्णांकांचा सामान्य संगणकीय प्रकार ०.१ आणि ०.२ यांची बेरीजसुद्धा नेमकी ०.३ देत नाही. कालावधीत दर बदलला असेल तर कालावधीचे तुकडे करून प्रत्येकाचा हिशेब वेगळा करायचा. मधल्या टप्प्यावर किती दशांश स्थळे ठेवायची. हे सगळे टेस्टरच्या पानावर आले तर तिथली कराराची वाक्ये त्यात बुडून जातात. शिवाय आतली रीत उद्या बदलेल आणि करार तसाच राहील; म्हणूनही ती दोन्ही वेगळी ठेवायची असतात. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच हे तत्त्व मांडले होते, की बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एका घटकाच्या आत दडवून ठेवावा आणि बाकीच्यांना त्याची माहितीच असू नये. कोडमध्ये हे आपण पाळतो आणि डॉक्युमेंटात मात्र सगळे उघडे करून ठेवतो.

देखभालीच्या मुलासाठी अवलंबित्वाचा व्ह्यू. तो थेट कोड वाचतो याबद्दल त्याच्यावर रागावू नका. डॉक्युमेंट त्याला जे सांगत नाही ते तो कोडकडून मिळवतो आहे. त्याला एक मोठी आकृती आणि तिच्याखाली एक तक्ता द्या. तक्त्यात प्रत्येक घटकासमोर तो कोणाकोणावर अवलंबून आहे आणि कोणते समाईक साधन वापरतो, एवढेच असावे. व्याज आकारणी दरांच्या तक्त्यावर आणि कर्जखात्याच्या नोंदींवर अवलंबून आहे. दिवसअखेर व्याज आकारणीवर आणि पिग्मी वसुलीवर अवलंबून आहे. पिग्मी वसुली एजंटांच्या हातातल्या मशीनमधून आलेल्या फाइलवर अवलंबून आहे. हा तक्ता उलटा वाचला की एजंटाची फाइल उशिरा आली तर काय काय अडते, हे रात्री साडेनऊ वाजता फोन आल्यावरसुद्धा दोन मिनिटांत सांगता येते. याच तक्त्यावरून कोणता घटक आधी बांधून झाला पाहिजे हेही कळते, म्हणून त्याची एक प्रत मॅनेजरांनाही द्या.

आता सचिव. त्यांनी न वाचता सही केली याचे तुम्हाला वाईट वाटले आहे, आणि मला ती गोष्ट या सगळ्यांत सर्वांत काळजीची वाटते, कारण पैसे त्यांच्या सभासदांचे आहेत. वरचे चारही व्ह्यू त्यांच्या कामाचे नाहीत. घटक, अवलंबित्व, इंटरफेस हे शब्द त्यांच्यासाठी नाहीत आणि त्यांनी ते शिकावेत अशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही. सॉफ्टवेअर अभियंते फिलिप क्रुख्तेन यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये आयईईई सॉफ्टवेअर या नियतकालिकात आर्किटेक्चरसाठी, म्हणजे प्रणालीच्या एकूण रचनेसाठी, ‘चार अधिक एक’ अशी मांडणी केली, ती इथे उपयोगी पडते. त्यांचे चार व्ह्यू तुमच्या चारांहून वेगळे आहेत, त्यात शिरायला नको. पण त्यांचा ‘अधिक एक’ म्हणजे प्रत्यक्ष वापराचे निवडक प्रसंग, आणि या प्रसंगांनी बाकीचे चार व्ह्यू एकमेकांशी जोडलेले आहेत की नाही हे तपासता येते. सचिवांसाठी असे सात-आठ प्रसंग मराठीत लिहा. ‘सभासदाने हप्ता ठरलेल्या तारखेनंतर बारा दिवसांनी भरला’, ‘पिग्मी एजंटाने गोळा केलेली रक्कम आणि मशीनमधली रक्कम यांत पन्नास रुपयांचा फरक आला’, ‘संस्थेने मार्चमध्ये दर बदलला आणि तो एक एप्रिलपासून लागू झाला’. प्रत्येक प्रसंगात कोण काय करतो, प्रणाली काय दाखवते आणि पावतीवर कोणता आकडा येतो, इतके लिहा आणि त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवा. तीस वर्षे पतसंस्था चालवणारा माणूस तिसऱ्याच प्रसंगाला तुम्हाला थांबवून ‘आमच्याकडे असे करत नाहीत’ असे सांगेल. ते वाक्य तुम्हाला सहीपेक्षा मोलाचे आहे. प्रसंगाच्या प्रत्येक पायरीपुढे समासात संबंधित घटकाची ओळख लिहून ठेवा, म्हणजे त्यांनी सांगितलेला बदल नेमका कुठे जाऊन पोचतो ते लगेच दिसेल.

तुम्ही शोध घ्यायला बसलात तर आणखी पुष्कळ व्ह्यू सापडतील. १०१६ च्या २००९ च्या आवृत्तीत बारा दृष्टिकोन दिले आहेत, आणि आर्किटेक्चरच्या वर्णनासाठीचे जे मानक २००० मध्ये १४७१ क्रमांकाने आले आणि आज आयएसओच्या ४२०१० क्रमांकाने चालते, ते तर कोणताही ठरावीक संच लादतच नाही. ते एवढेच सांगते, की आधी संबंधित माणसे कोण आणि त्यांची काळजी कशाची हे लिहा, मग ज्या काळजीला उत्तर हवे तिच्यासाठी व्ह्यू करा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बारा प्रकार आहेत म्हणून बारा प्रकरणे लिहिली, तर तुमची २१२ पाने पुन्हा भरतील आणि त्यांना पुन्हा वाचक नसेल. ज्या व्ह्यूचा वाचक तुम्हाला माणूस म्हणून डोळ्यांसमोर आणता येत नाही, तो लिहू नका.

एक गोष्ट मात्र चारही व्ह्यूंच्या बाहेर हवी, ती म्हणजे तुमची फेरफार नोंदवही. कोणता निर्णय कधी घेतला, दुसरे कोणते पर्याय समोर होते आणि ते का नाकारले, याची एक साधी वही. पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी १९८६ मध्ये लिहिले होते, की डिझाइन प्रत्यक्षात कधीच सरळ रेषेत होत नाही, तरी वाचणाऱ्यासमोर ते सरळ रेषेत झाल्यासारखे मांडावे, आणि नाकारलेले पर्याय कारणांसह जपून ठेवावेत. तुमच्या सध्याच्या डॉक्युमेंटातली बरीच पाने अशा कारणमीमांसेची असतील. ती फेकू नका, वहीत हलवा. दोन वर्षांनी कोणीतरी ‘रोजचे व्याज रोज का नाही काढत?’ असे विचारील, तेव्हा उत्तर तिथे असेल. आणि पुढचा प्रत्येक बदल आधी या वहीत, मग घटकाच्या दहा रकान्यांत, मग व्ह्यूमध्ये. थेट व्ह्यूवर कोणीही लिहायचे नाही, तुम्हीसुद्धा नाही.

तीन आठवडे पुरतील, पण क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात नवीन काहीच लिहू नका. एक स्प्रेडशीट उघडा, घटकांच्या ओळी आणि दहा रकाने करा आणि २१२ पानांतला मजकूर उचलून त्यात भरा. रिकामा राहिलेला प्रत्येक चौकोन लाल करा. इंटरफेसच्या रकान्यात लाल चौकोन तुम्हाला वाटते त्याहून जास्त निघतील, आणि त्यांची उत्तरे तुमच्याकडे नसून कोणाला तरी विचारावी लागतील, म्हणून हा आठवडा आधी. दुसरा आठवडा विचारपूस आणि लाल चौकोन भरण्याचा. दोनदा लिहिलेल्या गोष्टीही याच वेळी सापडतील. त्यांतली एक ठेवा, दुसरी खोडा, आणि दोन्हींत फरक असेल तर बरोबर कोणती हे स्वतः ठरवू नका, सचिवांना विचारा. तिसऱ्या आठवड्यात रकाने निवडून चार व्ह्यू काढा. महागडे साधन लागत नाही. स्प्रेडशीटमधील नको ते रकाने लपवून छापले तरी पहिली आवृत्ती निघते. पुढे वेळ मिळाला तर कंपनीतल्या कोणाकडून तरी एक छोटी स्क्रिप्ट लिहून घ्या, म्हणजे व्ह्यू हाताने जुळवावे लागणार नाहीत. आकृत्या मात्र हातानेच कराव्या लागतील, म्हणून त्या थोड्या ठेवा आणि प्रत्येकीवर तारीख घाला.

वरिष्ठांना नाही म्हणायची वेळ येणार नाही. त्यांना चार वाचकांसाठी चार वेगळे पुडके हवे आहेत आणि ते त्यांना मिळतीलच. ते एकाच स्प्रेडशीटमधून निघाले आहेत, एवढे मात्र त्यांना दाखवा आणि ती कोण सांभाळणार हे त्यांच्याकडून लेखी ठरवून घ्या. ते नाव तुमचेच असावे असे मी सुचवते.

पहिला व्ह्यू टेस्टरचा काढा. तिच्याजवळ बसा आणि तिला कागद देण्याआधी विचारा, की आज तुझ्या मनात व्याजाविषयी कोणता प्रश्न आहे. मग कागद द्या आणि काहीही न बोलता पाहत राहा, की ती कोणते पान उघडते, कुठे थबकते आणि उत्तरापर्यंत पोचायला तिला किती वेळ लागतो. ती जिथे थबकेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि तेवढेच बदला. पिग्मीच्या पानासाठी तिच्याऐवजी एखाद्या एजंटाला बसवता आले, तर तेही करा.